भिंतीवरच्या रेघा

नाताळ तारखेला बांधलेला आहे, उत्तम शुक्रवार चंद्राला. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी वधस्तंभाचे स्मरण. यंदा ही पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमाच. २ एप्रिलला हनुमान जयंतीचा महाप्रसाद, ३ एप्रिलला उत्तम शुक्रवार. १८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती माणसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मोहल्ल्यात रमजानचे रोजे लागले. १९ मार्चला पाडव्याची गुढी उभी राहिली, पाठोपाठ ईद झाली. बाबा कंबलपोषांच्या दर्ग्यापुढे सगळ्या जातीधर्मांची माणसे डोके टेकवतात, त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला सणांची अशी सरमिसळ नवी नाही.

कास्तकाराच्या पंचांगात मात्र हा महिना एकाच गोष्टीचा असतो, हिशेबाचा. कापूस विकून झालेला असतो. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात. तूर, हरभरा निघालेला असतो. अरुणावतीचे पाणी आटत आलेले असते. पाडव्याला सालगड्याचे जुने साल संपते, नवे ठरते. कुणाकडे किती उचल राहिली ते त्या दिवशी बोलले जाते. कृषी केंद्रवाल्याची वही उघडते. सोसायटीचा निरोप येतो. घरातला मोठा माणूस कागद-पेन घेऊन ओट्यावर बसतो आणि बराच वेळ उठत नाही. आर्णी, महागाव, दिग्रस, घाटंजी, कुठल्याही गावात चैत्रातल्या संध्याकाळी हे दिसेल.

अशा दिवसांत उत्तम शुक्रवारची उपासना येते. दुपारी बारा ते तीन, उन्हाच्या ऐन तावात. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. त्यांतला पहिला उद्गार क्षमेचा आहे. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी बापाजवळ केलेली ती विनंती आहे. प्रवचन करणारा बहुधा मंडळीतलाच कुणी शिक्षक किंवा पाळक असतो, आणि तो पहिल्या उद्गारावर चांगले बोलतो. आम्ही माना हलवतो. मग दुसरा उद्गार सुरू होतो. वर्षानुवर्षे पहिला उद्गार आम्ही असा ऐकला आणि पुढे सरकलो. यंदा मी त्याच्याशीच थांबणार आहे, कारण त्या क्षमेसाठी आपल्या भाषेने वापरलेला एक शब्द या जिल्ह्यात वेगळा ऐकू येतो.

प्रभूची प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरातल्या लहान लेकराला पाठ असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती आहे तिथे मराठी भाषांतरात ‘पाप’ हा शब्द नाही. शब्द आहे ‘ऋण’. आमचे ऋण सोड, जसे आम्ही आमच्या ऋण्यांचे सोडले, अशा अर्थाची ती मागणी आहे. मूळ ग्रीकातही कर्जाचाच शब्द आहे, आणि येशू ज्या अरामी बोलीत बोलत असे तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. लूकाने लिहिलेल्या प्रार्थनेत पापाचा उल्लेख येतो, पण सोडण्याची उपमा तिथेही ऋणकोचीच आहे. आपल्या मराठीनेही हे नाते ओळखले आहे. चूक झाली की आपण माफी मागतो, आणि बँकेचा बोजा उतरला की त्यालाही माफीच म्हणतो. कर्जमाफी. २००८, २०१७, २०१९ या सालांच्या कर्जमाफ्या गावागावांत याद्या लावून झाल्या. तेव्हा पंचायतीच्या भिंतीवर आपले नाव शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होते, ते पाहिलेल्याला या प्रार्थनेचा अर्थ कुणी फोड करून सांगायला नको.

आणि याच जिल्ह्याने ज्याचे ऋण सुटले नाही असा माणूसही पाहिला आहे. आर्णीहून उमरखेडच्या रस्त्याने निघाले की महागाव लागते. त्या तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी मालती आणि चार लेकरांसह १९ मार्च १९८६ रोजी जगाचा निरोप घेतला. महाराष्ट्राने शेतकरी आत्महत्या त्या घरापासून मोजायला सुरुवात केली. त्याला यंदा ४० वर्षे झाली. २०१७ पासून १९ मार्चला अनेक जण त्यांच्या आठवणीने अन्नत्याग करतात. यंदा तो दिवस पाडव्याचा होता. ज्या दिवशी पुरणाचा घास घ्यायचा, त्या दिवशी काही माणसे उपाशी राहिली. ख्रिस्ती उपवासकाळही तेव्हा चालूच होता. मला वाटते, या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाने उपवास धरला आणि त्याच्या उपवासात चिलगव्हाण आले नाही, तर तो उपवास पोटाचाच राहिला.

माझ्या आजीचे सांगतो. आमचे घर कास्तकाराचे. पैशाने मोठे नव्हते, पण ज्वारी असायची. श्रावण-भादव्यात, हाती काम असून घरात दाणा नसतो त्या दिवसांत, मजुरीच्या बाया आजीकडे पायली-दोन पायल्या ज्वारी न्यायला यायच्या. आजीला लिहिता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा मारायची. पायलीची उभी रेघ, अर्ध्या पायलीची आडवी, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. नवे पीक आले की बाया ज्वारी परत आणून द्यायच्या, रेघ पुसली जायची. सगळ्यांना जमायचे असे नाही. चैत्र येईपर्यंत काही रेघा उरलेल्याच असायच्या.

उत्तम शुक्रवारी सकाळी, चर्चला निघायच्या आधी, आजी पांढऱ्या मातीचा पोतेरा घेऊन ती भिंत सारवून काढायची. उरलेल्या रेघा पुसल्या जायच्या. आजोबा कुरकुरायचे. सणाच्या आधी घर सारवतात, दुखवट्याच्या दिवशी काय सारवतेस, असे ते म्हणायचे. खरे दुखणे त्यांचे ज्वारीचे होते हे आम्हा पोरांनाही कळायचे. आजी उत्तर द्यायची नाही. एकदा एक बाई वैशाखात ज्वारी घेऊन आली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, “माही रेघ किती होती वं बाई?” आजी म्हणाली, “तुले जितकी याद हाये तितकी.” त्या बाईने टोपले उतरवले, दोन पायल्या मोजल्या, थोडा विचार केला आणि वर एक ओंजळ टाकली.

मी पुढे बायबल वाचायला लागलो तेव्हा कळले की आजीच्या भिंतीमागे फार जुनी रीत होती. मोशेच्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी देणे सोडून द्यावे असे सांगितले आहे, आणि पन्नासावे वर्ष योबेलचे, त्यात विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. गहाणाऐवजी खरेदीखत करून घेण्याची सावकारी ज्या भागाने भोगली, त्या भागात हे वाक्य वाचताना माणूस थबकतोच. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, हेही तिथेच आहे. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते, काटा किती प्रामाणिक आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि “हिशेब बाजाराच्या दिवशी करू” असे म्हणून बाईला रिकाम्या हाताने पाठवले जाते. त्या क्षणी धर्म काट्यावर असतो. वेदीवर तो नंतर येतो.

आणि सरवा. हा शब्द आता शहरात फार कुणाला माहीत नसेल. पीक काढून झाल्यावर वावरात जे पडून राहते, ते गोळा करायचा गरिबाचा हक्क म्हणजे सरवा. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते तेव्हा तो आपल्या गड्यांना सांगतो की मुद्दाम काही पेंढ्या मागे टाका, आणि तिला कुणी टाकून बोलू नका. या दोन आज्ञा त्याने एका दमात दिल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. धान्य द्या आणि अपमानही करू नका. आपल्याकडे पहिली गोष्ट कधी कधी होते. सोयाबीन हार्वेस्टरने निघाले की मागे बरेच सांडते; बाया-पोरे टोपली घेऊन येतात; काही कास्तकार येऊ देतात. पण येऊ देतानाही काही तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या बोलण्याने सरव्याची भीक होते.

इथून मला बोलण्याकडे यायचे आहे, कारण देणे आणि क्षमा यांच्यापेक्षा ते अवघड आहे अशी माझी खात्री झाली आहे. याकोबाच्या पत्रात जिभेवर एक अख्खा उतारा आहे: एवढासा अवयव, पण केवढ्या रानाला आग लावतो. आपल्याकडे म्हणतात, जिभेला हाड नसते. बँकेच्या खिडकीवर, सोसायटीच्या दारात, वसुलीच्या फोनवर, कर्ज मागायला आणि कर्ज फेडायला गेलेल्या माणसाशी काय भाषा वापरली जाते, ते या जिल्ह्यात ज्याने ऐकले नाही असे घर विरळा. आकडा एक जखम करतो, आकडा ज्या सुरात सांगितला जातो तो सूर दुसरी. पहिली जखम कधी तरी हंगामाने भरून निघते. दुसरी माणूस घरी घेऊन येतो, बायकोला सांगत नाही, आणि रात्री आढ्याकडे पाहत पडतो. थकबाकीदार म्हणून जो तुमच्या दारात उभा आहे, त्याला “बस भाऊ, पाणी घे” म्हणण्याने येणे एका रुपयानेही कमी होत नाही. तरी ते म्हटले जात नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेचा विचार करताना मला नेहमी कवी नारायण वामन टिळकांचा एक रेल्वेप्रवास आठवतो. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केलेले टिळक १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस एका देशी माणसाशी अदबीने वागला, कवितेबद्दल आणि देवाबद्दल बोलला, आणि उतरताना नवा करार हातात देऊन गेला. त्याचे नाव टिळकांना कळले नाही. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा ते खाली ठेवणे त्यांना जमेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘उपासना संगीत’ उघडून आज आम्ही त्यांची भक्तिगीते गातो. या सगळ्याच्या मुळाशी काही तासांचे सौजन्य आहे. डब्यातल्या त्या माणसाने उपहासाचा एक शब्द टाकला असता तर टिळकांनी पुस्तक उघडले असते का?

पण टिळकांच्या त्या निर्णयाची किंमत ज्यांनी भरली त्या लक्ष्मीबाईंकडे पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांकडे दिवस काढायचे, लोकांचे शब्द झेलायचे. काही वर्षांच्या दुराव्यानंतर त्या टिळकांकडे राहायला गेल्या, आधी आपले सोवळे सांभाळून, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा स्वभाव तापट, पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, समोर गरजू दिसला की घरचा विचार मागे पडे. हे सगळे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. १९३४ पासून त्याचे भाग छापून येऊ लागले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. कडू बोलण्याची सगळी सामग्री हाताशी असताना त्या पुस्तकात कडवटपणा नाही. काही लपवलेलेही नाही. टिळक चुकले तिथे चुकले असे लिहिले आहे, आणि लिहिताना त्यांच्याकडे पाहून हसू आल्यासारखे लिहिले आहे. क्षमा कशी दिसते असे मला कुणी विचारले तर मी धर्मग्रंथाच्या आधी हे पुस्तक हातात देईन, कारण त्यात क्षमा हा शब्द न वापरता ती पानोपानी झालेली आहे.

इथे एक सावधपणाही हवा. क्षमेची प्रवचने बहुतेक वेळा वरून खाली होतात. मार खाणाऱ्या बाईला सांगतात, क्षमा कर. ज्याची मजुरी बुडाली त्याला सांगतात, मन मोठे ठेव. मारणाऱ्याला आणि बुडवणाऱ्याला मात्र त्या दिवशी कुणी काही सांगत नाही. अशी क्षमा ही ख्रिस्ताची नव्हे. पंडिता रमाबाईंनी आयुष्यभर टीका सोसली, स्वकीयांकडून आणि मिशनऱ्यांकडूनही. त्यांनी सूड धरला नाही, पण तोंडही मिटले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते स्पष्ट लिहिले. त्या मुलींना शिवण, विणकाम, छपाई शिकवली. पुढे बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ भाषांवरून स्वतः केले आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनातल्याच हातांनी छापले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. यंदा पुनरुत्थानाचा रविवार त्याच तारखेला आहे, हे पाहिल्यावर मी कॅलेंडरच्या त्या चौकटीवर खूण करून ठेवली.

आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातली एक गोष्ट मला या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवते, आणि तिच्या मुळाशीही सावकारीच आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया ही केरळहून आलेली ननबाई आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत होती. बचत कशी करायची, बँकेचे कर्ज कसे मिळते, सावकाराच्या वहीतून नाव कसे काढायचे, हे ती शिकवत असे. ज्यांच्या वह्या पातळ होऊ लागल्या त्यांना ते खपले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला धावत्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने तिच्यावर चाकूचे वार केले. ती त्या रस्त्यावरच गेली.

तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल. काही वर्षांनी, २००२ च्या रक्षाबंधनाला, ती तुरुंगात गेली आणि समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. केरळातल्या खेड्यातली आई नंतर त्याला भेटली तेव्हा तिने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले, ज्या हातांवर आपल्या लेकीचे रक्त होते त्याच हातांचे. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियाला धन्य घोषित केले गेले.

मी ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक म्हणतात, असे आपल्याला कुठे जमणार. मलाही बराच काळ तेच वाटे. पण नीट पाहिले तर त्या घराने आधी न्याय होऊ दिला. खटला चालला, शिक्षा झाली, माणूस तुरुंगात गेला. मग बहीण गेली. आणि गेली ती उपदेश घेऊन गेली नाही, एक धागा घेऊन गेली. नात्याला एक नाव देणारा धागा. ज्याला आपण खुनी म्हणत होतो त्याला काय म्हणायचे ते त्या धाग्याने ठरवून टाकले. क्षमेची सुरुवात बहुधा अशीच होत असावी, माणसाला हाक मारण्याचा शब्द बदलण्यापासून.

येशूने सांगितलेल्या, क्षमा न करणाऱ्या चाकराच्या दाखल्याचा हिशेब मी एकदा बसून केला. राजाच्या चाकराला सोडलेले देणे दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस काम केले तरी दोन लाख वर्षे. आणि बाहेर पडून त्या चाकराने ज्याचा गळा धरला त्या सोबत्याचे देणे होते शंभर दिनार. शंभर दिवसांची मजुरी. ही रक्कम लहान नव्हे. शंभर दिवसांच्या मजुरीत आमच्याकडे एका घराचे अर्धे वर्ष निघते. येशूने दुसऱ्या देण्याला क्षुल्लक म्हटलेले नाही, म्हणून हा दाखला मला खरा वाटतो. आपले जे बुडाले आहे ते खरेच बुडालेले असते. आपल्याला जे बोलले गेले ते खरेच लागलेले असते.

आजीलाही ते लागले होते. आता हेही सांगायला हवे. ज्वारीच्या रेघा दरवर्षी सारवणाऱ्या माझ्या आजीने एक रेघ कधी पुसली नाही. तिची सख्खी बहीण दहा-बारा कोसांवर दिलेली होती. कुठल्याशा लग्नात, साडीवरून म्हणा की मानपानावरून, ती बहीण आजीला चारचौघांत काही तरी बोलली. काय बोलली ते आजीने कधी सांगितले नाही. पण पुढे वीसेक वर्षे दोघी एकमेकींकडे गेल्या नाहीत. दोघीही चर्चला जायच्या, दोघीही तीच प्रार्थना म्हणायच्या. बहीण गेल्याचा निरोप आला तेव्हा आजी चुलीपुढे बसून होती. ती उठली, पाण्याचा तांब्या घेतला, पुन्हा ठेवला. मातीला पोहोचायला उशीर झाला होता. त्या रात्री ती मला म्हणाली, “दाणा परत येते रे बापू, बोल नाही येत.” मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मला वाटले ती बहिणीच्या बोलाबद्दल सांगते आहे. आता वाटते, ती आपल्या न बोलण्याबद्दल सांगत होती.

माझ्या चुलतभावाचे आणि माझे अकरा वर्षे बोलणे नाही. आमची वावरे लागून आहेत. धुऱ्यावर एक बाभूळ होती. ती त्याने तोडली, मला न विचारता. त्या बाभळीची किंमत काही फार नव्हती. मी बोललो, तो बोलला, मग त्याने माझ्या वारलेल्या वडिलांबद्दल एक वाक्य टाकले, आणि मी त्याला जे उत्तर दिले ते त्या वाक्याहून वाईट होते. ते मी इथे लिहू शकत नाही. तेव्हापासून दरवर्षी मोजणी मागवण्याची गोष्ट निघते. धुरा दोन्हीकडून नांगराने खाल्ला जातो. आमची मुले शाळेच्या बसमध्ये शेजारी बसतात आणि घरी आल्यावर एकमेकांचे नाव घेत नाहीत; आम्ही त्यांना काही शिकवले नाही, तरी ती शिकली.

या वर्षी वेचणीच्या शेवटी त्याच्या घरी दुखणे होते. मजूर मिळेना. त्याचा कापूस बोंडातच लोंबत राहिला, वाऱ्याने काही माझ्या वावरात उडून आला. मी धुऱ्यावर उभा राहून पाहिला आणि घरी आलो. त्या दिवशी मी चार बाया पाठवू शकलो असतो. ती गोष्ट माझ्यावर कुणाच्या वहीत लिहिलेली नाही, पण मला ती रोज दिसते.

अग्रलेखात स्वतःचे सांगू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडला, कारण दुसऱ्याच्या घरच्या क्षमेवर लिहून स्वतःच्या धुऱ्यावर गप्प राहणे मला जमले नाही. यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे थोडी आहेत. पाळकांना शिक्षण देणारी सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. उमरीच्या मिशन हॉस्पिटलची आठवण अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. आमची ओळख लोकांना त्या दवाखान्यांवरून आणि शाळांवरून आहे, आणि ती चांगली ओळख आहे. पण दवाखाना संस्थेचा असतो. शेजाऱ्याला आमच्याबद्दल जे कळते ते काट्यावर, बांधावर, ओट्यावर कळते. माझ्याबद्दल माझ्या शेजाऱ्याला अकरा वर्षे काय कळले असेल, याचा विचार उपवासकाळाच्या या चाळीस दिवसांत मी पुष्कळ केला.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची उपासना असते. अंधारात निघायचे, कबरस्तानात जमायचे, गीते म्हणायची, उजाडताना परत यायचे. आजीची कबर तिथेच आहे. यंदा परतताना मी घरच्या रस्त्याने वळणार नाही. त्या चुलतभावाचे, दादाचे, घर न वळता सरळ पुढे आहे, आणि तो पहाटेच उठतो. काय बोलायचे ते ठरवायला बसलो तेव्हा वाक्ये सुचली, आणि प्रत्येक वाक्यात बाभूळ येत होती. ती सगळी खोडली. बायको म्हणाली, तुम्ही नुसते जा, चहा मागा. मुलगा म्हणाला, मी पण येतो. पांढरी माती त्यानेच आणून ठेवली आहे, चुलीमागची भिंत आता टाइल्सची आहे हे ठाऊक असूनही.